दोन वाव जास्त

मेंढरं कोंडायच्या जाळीला आमच्यात वाघर म्हणतात. जाड सुताची, कमरेइतकी उंच. संध्याकाळी मेखा ठोकून ती गोल उभी करायची, मेंढरं आत घ्यायची, सकाळी मेखा उपटून जाळी गुंडाळायची आणि पुढच्या रानाला लागायचं. दिवाळीनंतर घर सोडून पार आषाढापर्यंत फिरणारी माणसं आम्ही. गाव सोयगावकडचं, पण वर्षातले सात-आठ महिने आमच्या संसाराला भिंत अशी कुठली असेल तर ती ही वाघर. तीही मेंढरांसाठी. आम्ही आपले बाहेर, उघड्यावर.

आबा, म्हणजे माझे वडील, वाघर हातांनी मोजत. दोन्ही हात आडवे पसरायचे. या हाताच्या बोटांपासून त्या हाताच्या बोटांपर्यंत एक वाव. मेंढरांवर नजर टाकून किती वाव जाळी लागेल ते ठरवायचं आणि वर दोन वाव जास्त घ्यायची. मी पाच-सहा वर्षांची असेन. मेखा हातात द्यायचं काम माझ्याकडे असे, आणि ते मला अजिबात आवडत नसे. एकदा मी वैतागून म्हणाले, "आबा, मावली की समदी. मंग ही जास्तीची कशाला?"

"राहू दी," आबा म्हणाले. "वाव असावा."

माप आणि मोकळीक या दोन्हींना मराठीत एकच शब्द आहे हे मला शाळेत गेल्यावर कळलं. आबांना अजून कुणी ते सांगितलेलं नाही. त्यांच्या लेखी तो एकच शब्द आहे, आणि मीही ते मोडणार नाही.

त्याच वयातली दुसरी एक गोष्ट पुढं फार कामाला आली. एकदा संध्याकाळी वाघर लावून झाली होती आणि तीन-चार मेंढ्या मागून आल्या. आबा पाण्याला गेलेले. मी शहाणपणा केला. जाळी मोठी करू म्हणून एका बाजूच्या मेखा भराभर उपटल्या. बाहेरच्या तीन-चार आत यायच्या ऐवजी आतल्या सगळ्या बाहेर. दिवस मावळेपर्यंत आबा, माय आणि आत्या रान तुडवत होते. मी बाभळीखाली मार खायची तयारी करून बसले होते. आबा आले, घाम पुसला, माझ्याजवळ टेकले आणि म्हणाले, "माय माझी, आतली राखून मंग वाढवावं." आमच्याकडे बाप लेकीला लाडानं माय म्हणतो. मार काही पडला नाही.

मला पुढं वसतिगृहात ठेवलं. शिकले, बीकॉम झाले, टायपिंग आणि कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये चिकटले. शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणत. आबा तेव्हाही नुसतं शहर म्हणायचे आणि आताही शहरच म्हणतात, त्यामुळं त्यांचं काही अडलं नाही. विमानतळाच्या मागं एक खोली भाड्यानं घेतली. त्या भागात पूर्वी शेतकरी आम्हाला बोलावून रानात मेंढरं बसवून घेत. लेंड्यांचं खत मिळे त्यांना, आणि आम्हाला ज्वारी. आता तिथं प्लॉटच्या खुणांचे दगड आणि रंगीत झेंडे लागले होते. घरमालकाला मी एकदा सांगितलं की तुमच्या जिन्याखाली आमच्या मेंढरांनी दोन मुक्काम केलेत. त्याला ते खरं वाटलं नाही.

स्टोअरमध्ये माझं काम बोल्ट, बेअरिंग, ग्रीसचे डबे किती आले आणि किती गेले ते एक्सेलमध्ये भरणं. रोज तेच. कंटाळा हा माझा मोठा गुरू आहे. तेच काम रोज हातानं कोण करणार म्हणून मी मॅक्रो शिकले. मॅक्रो म्हणजे एक्सेलला एकदाच लिहून दिलेल्या सूचना. बटण दाबलं की ते आपलं आपण करतं. शिकवायला कुणी नव्हतं. रद्दीच्या दुकानात मिळालेलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, त्याची शेवटची पानं कुणीतरी वड्याला वापरली असावीत.

त्यातच ऍरे भेटला. ऍरे म्हणजे कप्प्यांची रांग. मॅक्रोला नावं, आकडे क्रमानं धरून ठेवायचे तर आधी कप्पे लागतात, आणि किती ते सांगावं लागतं. आधी माहीत नसेल तर रांग वाढती ठेवायची, आणि लागेल तेव्हा रीडिम नावाची आज्ञा देऊन वाढवायची. मी पहिल्यांदा नुसतं रीडिम लिहिलं. कप्पे वाढले, पण आतलं होतं नव्हतं ते साफ. शेकडो ओळींतली फक्त शेवटची ओळ उरली होती. पुस्तकात पान उलटलं तर लिहिलेलं, आतलं सांभाळायचं असेल तर पुढं प्रिझर्व्ह हा शब्द जोडा. मी स्टोअरमध्ये एकटीच मोठ्यानं हसले. आतली राखून मंग वाढवावं. पुस्तकाच्या समासात मी पेन्सिलीनं 'राखून' असं लिहिलं. ते अजून तिथं आहे.

मग तो दुष्काळ आला. सलग दुसरं वर्ष कोरडं गेलं होतं. पैठणच्या धरणाच्या तळातली जुनी बांधकामं वर आली म्हणून लोक बघायला जात होते. आमच्या कारखान्याच्या मालकांनी ठरवलं की जालना रोड आणि पैठण रोडच्या वस्त्यांना टँकरनं पाणी द्यायचं. चांगलं काम होतं. कुणाच्या दारात किती माणसं, किती जनावरं, त्याला किती पाणी, आणि कुठला टँकर कुठल्या वाटेनं जाणार, ही यादी रोज सकाळी ड्रायव्हरच्या हातात पडायला हवी होती. स्टोअरचे साहेब माझ्याकडं बघून म्हणाले, "तुमचं ते बटण दाबायचं काम आहे ना, ते इथं लावा."

मी लावलं. प्रत्येक घराची एक ओळ. गावांची घरं एकदा भरली की बदल झाला तरच कळवायचा. मेंढपाळांच्या फिरत्या तळांचं तसं नव्हतं. ते आज इथं, उद्या तिथं, म्हणून त्यांनी रोज संध्याकाळी फोन करून ठिकाण, माणसं आणि जनावरं सांगायची. त्यांना गाव नाही, गट नंबर नाही, तेव्हा त्यांच्या ओळी यादीत सगळ्यात शेवटी टाकल्या. त्यातला एक तळ आमचाच होता. चितेगावच्या पुढं एका मोकळ्या रानात सात बिऱ्हाडं उतरली होती. सगळ्यांच्या वतीनं फोन आबा करायचे.

आबांकडून आकडा काढणं म्हणजे दगडाला पाझर फोडणं. जनावरं मोजून मोठ्यानं सांगितली की नजर लागते असं आमच्यात मानतात.

"आबा, मेंढरं किती?"

"हायेत की."

"किती हायेत?"

"असतील दोन-तीन विसा. कमी-जास्त."

म्हणजे चाळीस ते साठ, काहीही. मेंढरांचं मी समजून घेतलं. पण माणसांचं आलं की बाकीची बिऱ्हाडं सांगून झाल्यावर ते चटकन म्हणत, "आमच्या घरची चार." आबा, माय आणि आत्या, झाले तीन. चौथं कोण? मला वाटलं, एका माणसाचं पाणी जास्त लाटतायत. आणि मी तर यादी करणारी, उद्या कुणी म्हटलं असतं की हिनं बापाला हात मोकळा सोडला. माझ्या नाकावर राग बसलेलाच असतो. फोनवरच तोडलं मी त्यांना. "आबा, तिघंच ना तुमी? मंग चार कामून सांगता? कंपनीचं पाणी हाय, चोरी नको."

मग आबा हसल्यासारखे झाले. "राहू दी माय, वाव असावा."

"वाव-बिव काय नाय. तीन लिवते."

"लिव बाई," ते म्हणाले.

इकडं मॅक्रो फार हळू चालत होता. कारण मी तो मेखा हलवल्यासारखा लिहिला होता. एक ओळ आली की एक कप्पा वाढव, पुढची आली की अजून एक. कॉम्प्युटरला ते आपल्याला वाटतं तितकं सोपं नसतं. एक कप्पा वाढवायचा म्हणजे तो बहुतेक वेळा नवी मोठी जागा शोधतो, जुन्यातलं सगळं तिथं नेऊन मांडतो, जुनी जागा सोडतो. हजार ओळी झाल्यावर एकासाठी हजारांचं बिऱ्हाड हलवायचं. चार हजार झाल्यावर चार हजारांचं. आमचा कॉम्प्युटर जुना, आणि प्रत्येक टँकरसाठी मी हे सगळं पहिल्यापासून करत होते. सकाळी पैठण रोडचा ड्रायव्हर दारात येऊन उभा राहायचा. शहरातला, साठीचा माणूस, आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. "क्या बाई, हुई नै क्या लिस्ट अबी तक? धूप चढरी." त्यांचा चहा पिऊन व्हायचा, दुसरा व्हायचा. साहेब येऊन मागं उभे राहायचे. "बाई, हे यंत्र यादी काढतंय का विहीर खणतंय?"

एकदा तर एक रिकामा रकाना लागला आणि मॅक्रो साहेबांच्या डोळ्यांदेखत बंद पडला. पडद्यावर चूक झाल्याची पाटी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दुपारी मी दोन गोष्टी केल्या. मॅक्रोच्या डोक्यावर एक ओळ लिहिली, तिचा अर्थ, चूक आली तरी बोलू नको, पुढं चल. आणि कप्पे एक-एक वाढवायचे सोडून सरळ पाच हजार ठरवून टाकले. घरं तेव्हा चार हजारांच्या आसपास होती. म्हटलं, वर हजार म्हणजे पुरे झाले. दुसऱ्या दिवशी बटण दाबलं आणि यादी झालीसुद्धा. चाचांचा पहिला चहाही संपला नव्हता. साहेब म्हणाले, "वा!" मी दिवसभर स्टोअरमध्ये मान वर करून फिरत होते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मला पाठ होती, पण ती आपल्याला लागू आहे असं कुणाला वाटतं?

ऊन वाढत गेलं. आटलेल्या आडांची गावं एकेक करून यादीत येऊ लागली. शहरातून काम सुटून गावी परतलेली घरंही आली. मी ओळी भरत होते, बटण दाबत होते, यादी निघत होती. एक दिवस एका वस्तीवरच्या माणसाचा फोन आला की आमच्याकडं टँकर आला नाही. मी फणकाऱ्यानं म्हणाले, "यादी कॉम्प्युटर काढतो, तो चुकत नाही. ड्रायव्हरला विचारा." आणि फोन ठेवला. आज हे लिहितानाही कान गरम होतात.

आबा रोज संध्याकाळी फोन करतच होते. ठिकाण तेच, मेंढरं दोन-तीन विसा, घरची माणसं तीन. त्यातल्या एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, "काम लई हाय का, माय?"

"लई हाय. ठेवा आता, मागं दुसरा फोन यायलाय."

"बरं, ठेवतो. जेवत जा येळेवर," एवढं बोलून त्यांनी ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा यादी हातात घेऊन गेले आणि दारातून परत आले. "बाई, एक बात पूछूं? तुमारे अब्बा लोगां आगे निकल गए क्या?"

"नाही तर. तिथंच आहेत. का?"

"तीन दिन से लिस्ट में नै उनो. मैं समझा, निकल गए."

मी कागद ओढून घेतला. शेवटचं पान पाहिलं. फिरत्या तळांचं नावच नव्हतं. कॉम्प्युटरवर मूळ पत्रक उघडलं तर आबांचा तळ जागच्या जागी होता, माझ्याच हातानं आदल्या संध्याकाळी भरलेला. मग खाली ओळींचा आकडा पाहिला. पाच हजारांच्या वर अडुसष्ट. माझी वाघर पाच हजारांची. ती भरली, आणि पुढचं प्रत्येक घर दाराशी येऊन परत गेलं. मॅक्रोनं दर वेळी चूक सांगायचा प्रयत्न केला असणार. मीच त्याला बोलू नको म्हणून बजावलं होतं. दोन वस्त्या आणि सगळे फिरते तळ गळाले होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. सगळ्या तालुक्याची यादी माझ्या हातात आणि बाप कोरडा.

साहेबांसमोर जाऊन उभी राहिले आणि सांगितलं, "चूक माझी आहे. तीन दिवस अडुसष्ट घरांना पाणी नाही." वाटलं होतं ओरडतील. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आधी पाणी," ते म्हणाले. "मग चूक. जा तुम्ही, दोन टँकर जास्त घ्या."

एका टँकरबरोबर दोन्ही वस्त्यांचे पत्ते आणि बाकीच्या तळांची ठिकाणं लिहून दिली आणि चाचांच्या शेजारी चढून बसले. बीड बायपासनं निघालो. दोन्ही बाजूंना नव्या इमारती उठत होत्या. एका पाटीवर निळ्याशार तरणतलावाचं चित्र होतं आणि खाली फ्लॅटचं बुकिंग सुरू. पैठण रोडला लागल्यावर चाचा एवढंच म्हणाले, "रो मत बाई, पानी तो जारा ना." मी रडत नव्हते असं मी त्यांना सांगितलं. ते खोटं होतं.

तळावर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. टँकर बघून सातही बिऱ्हाडांच्या बायका हंडे घेऊन धावल्या. मी खाली उतरले आणि माय समोर आली. तिच्या हातात तांब्या, वर फडकं. काही विचारायच्या आधी तिनं तो माझ्या हातात दिला. मी गटागटा प्यायले. आत्ताच्या टँकरचं नव्हतं ते. चाचा अजून नळी सोडत होते. रिकामा तांब्या हातात घेऊन मी विचारलं, "माय, हे पाणी कुठलं?"

"दोन कोसावर एक हिर हाय. तितून आणायलो घोड्यावर."

"मंग हे बाजूला कशाला ठेवलंस? तुमालाच पुरंना."

"तुज्या वाट्याचं हाय ते," माय म्हणाली. "रोजच ठेवतो. तू यायची कवा, उन्हातानाची. आबा पहिल्यापून तुला धरूनच चार सांगतेत."

"पण मी तर सांगितलं ना, चौथं माणूस लिवू नका म्हणून."

"लिवू नका म्हणालीस," माय म्हणाली. "ठेवू नका कुठं म्हणालीस?"

मी तिथंच फुफाट्यात बसले. इतके दिवस मी ज्याला चोरी म्हणत होते तो माझा तांब्याभर वाटा होता, आणि तीन दिवस पाणी नसतानाही तो रोज भरला जात होता. मला माझ्या तोंडाची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

आबा मेंढरं घेऊन त्या विहिरीकडूनच येत होते. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. आत्यानं हळूच सांगितलं की काल एक कोकरू गेलं. आबांनी ते सांगितलं नसतं. मी त्यांना विचारलं, "आबा, रोज फोन करता, टँकर नाय आला म्हणून एका शब्दानं बोलला नाय. कामून?"

"म्या म्हणलं, तू आपलं नाव मागं सारलं असंल," आबा म्हणाले. "दुसऱ्याला जास्त नड असंल, त्याला आधी दिलं. ही समदी कुरकुर करायलती, म्या म्हणलं, लेक हाय माझी तिथं, बघूनच करत असंल." आणि सगळ्यांकडं बघून ते हसले. त्या हसण्यात अभिमान होता. तो मला टोचत होता.

गप्प बसले असते तर चाललं असतं. कुणाला कधी कळलं नसतं. पण आबांच्या मनातली ती चांगली मुलगी मी नव्हते. सातही बिऱ्हाडांसमोर मी म्हणाले, "आबा, मी मागं नाय सारलं. माझी चूक झाली. तुमी यादीतून गळाला आणि मला कळलंच नाय."

आबा माझ्या शेजारी टेकले, त्या बाभळीखाली टेकले होते तसेच. "कसं गळालो?"

ऍरे त्यांना काय सांगणार? मी वाघरीवर सांगितलं. आधी मेंढरागणिक मेख हलवत होते, लई वेळ लागायचा. मग एकदाच मोठी वाघर ठोकली आणि निश्चिंत झाले. मेंढरं वाढली, ती भरली, मागून आलेली भायेर राहिली.

आबांनी विचार केला. "मंग भायेरची वरडली नाय का?"

हा प्रश्न मला आजवर कुठल्या शिकलेल्या माणसानं विचारलेला नाही. मी म्हणाले, "वरडली असतील. मीच त्यांची तोंडं बांधली होती."

"हे वाईट केलंस," आबा म्हणाले. एवढंच. आवाज चढला नाही. मग त्यांनी काठीनं मातीत एक गोल काढला. "हे बघ. किती येणार ते ठावं असंल तर आधी मोजावं, तेवढीच जाळी सोडावी. ठावं नसंल तर मेंढरागणिक मेख हलवू नये, आन एकदाच ठोकून झोपूबी नये. भरत आली की अजून तेवढीच जाळी जोडावी. तीन अंगं तशीच ठेवावी, एकाच अंगानं सोडावं, म्हंजी आतली बुजत नाय. समदी आत आली की राहिलेली जाळी गुंडाळून घ्यावी."

"आन दोन वाव जास्तीची?"

"ती गुंडाळताना बी ठेवावी," आबा म्हणाले. "मधीच एखादी येते."

चाचांनी टँकर रिकामा केला, तळावरच्या कढईत चहा झाला, चाचांनीही घेतला. परतीच्या वाटेवर मला एकदम उजेड पडला. एकाच अंगानं सोडावं! पुस्तकातही तेच होतं आणि मला ते कधी उमगलं नव्हतं. रांगा आणि रकाने असा दुहेरी ऍरे असला, तर आतलं राखून वाढवताना फक्त शेवटचं अंग वाढवता येतं. पाच हजार ठोकताना मी यादी अशी दुहेरी केली होती, आणि घरं पहिल्या अंगाला ठेवली होती. म्हणजे आधी यादी आडवी करायला हवी होती, रकाने पुढं आणि घरं शेवटी.

कारखान्यात पोचल्या पोचल्या बसले. सगळ्यात आधी तोंड बांधणारी ती ओळ पुसली. यादी आडवी केली. गावांच्या ओळी पत्रकात बसलेल्याच होत्या, त्या आधी मोजून तेवढेच कप्पे केले. तळांचे फोन चालू असताना मॅक्रो मधूनमधून फिरायचा, त्यांचा नेम नसायचा. त्यांच्यासाठी रांग भरत आली की दुप्पट. सगळं आत आलं की उरलेलं कापून टाकायचं. कापताना थोडे कप्पे मुद्दाम ठेवले आणि त्या आकड्याला नाव दिलं वाव. शेवटी एक तपासणी लावली. आबा सकाळ-संध्याकाळ वाघरीच्या तोंडाशी उभे राहून प्रत्येक मेंढरावरून हात फिरवतात. आकडा म्हणत नाहीत, पण कोण नाही ते त्यांना कळतं. तसंच, जेवढी घरं पत्रकात तेवढी यादीत आली का ते बघायचं, आणि एक जरी कमी भरलं तरी मोठ्यानं ओरडायचं. चहा थंड व्हायच्या आत यादी निघाली. शेवटच्या पानावर फिरते तळ होते. मी ते बोट लावून वाचले. मग त्या वस्तीवरच्या माणसाला फोन केला आणि माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या ताई, आलं पाणी."

तो मॅक्रो पुढचे दोन उन्हाळे चालला. मी तिथली नोकरी सोडल्यावरही माझ्या जागी आलेल्या पोरीनं तो वापरला. हे वाव म्हणजे काय हो, असं तिनं एकदा फोन करून विचारलं होतं. मी म्हणाले, राहू दे ते, काढू नकोस.

पण सांगायची गोष्ट त्याच संध्याकाळची आहे. सहाच्या सुमाराला नेहमीसारखा आबांचा फोन आला. आदल्या दिवसापर्यंत मी हा फोन एका हातानं घेत होते आणि दुसऱ्या हातानं टाइप करत होते. त्या दिवशी खुर्ची मागं सरकवली आणि नीट कानाला लावला.

"ठिकाण?"

"तेच हाय."

"मेंढरं?"

"असतील दोन-तीन विसा."

"घरची माणसं किती, आबा?"

आबा जरा थांबले. मी चिडेन म्हणून थांबले असावेत. "तीन," ते म्हणाले. "तिघंच हाव बाई आमी. खरं सांगायलो."

मी चार लिहिलं.